मोटारपटाचे उन्हाळे

आमच्या भागात मोटारींच्या शर्यती कशा सुरू झाल्या असं कुणी विचारलं, की मी सांगते, बैलांमुळे. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी थट्टा करतेय. पण झालं ते तसंच. धान कापून झालं की गावाबाहेरच्या बांध्यांमध्ये, रिकाम्या धानशेतांत, बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट भरायचा. दोन सरळ पट्ट्या, दोन जोड्या, आणि दोन्ही अंगांना माणसांची भिंत. त्या वर्षी पटात कुणीतरी माझ्या बाबांना डिवचलं, "काय गा मिस्त्री, तुही जीप जोडीच्या पुढं जाते का नाई?" बाबा फौजेत गाड्या दुरुस्त करून आलेले. लिलावातली एक जुनी जीप घेऊन ते गावी परतले होते आणि तिच्यावरच आमचं घर चालायचं. बाजाराच्या दिवशी माणसं सावली गावाला नेणं, एरवी धानाची पोती गिरणीवर पोचवणं, कधी नवरी, कधी आजारी माणूस. त्या जीपबद्दल वाकडा शब्द बाबांना खपत नसे. त्यांनी ती तिथल्या तिथे बैलजोडीच्या शेजारी आणून उभी केली. फडकं पडलं, जोडी सुटली, जीप मात्र खोकत राहिली. बाबा उतरले, पुढून हँडल मारलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती सुरू झाली. तोवर बैल पल्ला गाठून धापा टाकत उभे होते. घाईत बाबांनी गेअर टाकला तो नेमका मागचा. जीप भन्नाट वेगाने उलटी निघाली आणि चिवड्याच्या दुकानात घुसली. दुकानदार वेळेवर बाजूला झाला म्हणून बरं. त्याच्या पराती मात्र हवेत उडाल्या आणि सगळ्या पटावर मुरमुऱ्यांचा पाऊस पडला.

तीन दिवस बाबा जेवणापुरतेच जीपखालून बाहेर आले. चौथ्या दिवशी भात कालवता कालवता म्हणाले, "बैलाशी बैलानं पळावं, मोटारीशी मोटारीनं. माहीच चूक झाली." आई म्हणाली, "चूक समजली ना? जेवा आता." पण बाबांच्या डोळ्यांत ते फौजी तेज आलेलं मी पाहिलं होतं. उन्हाळा लागेपर्यंत ते सायकल काढून गावोगाव हिंडले. जिथे जिथे जीप होती तिथे तिथे चहा पिऊन आले, पार वीजकेंद्राच्या ऊर्जानगरपर्यंत. आणि एका दुपारी त्यांनी जाहीर केलं की आपल्या तलावात मोटारपट भरणार आहे.

तलावात म्हणजे कोरड्या तलावात. आमच्याकडे उन्हाळा भरात आला की तलावाचं पाणी आटत आटत मधोमध एका डबक्यापुरतं उरतं. त्यात म्हशी बसतात. बाकी सगळं पात्र टणक, भेगाळलेलं. त्या तलावातली मासेमारी ढिवर समाजाकडे होती आणि त्यांचे प्रमुख होते कवडूभाऊ, काटक, मिशाळ, बोलण्यात जहाल माणूस. तलाव मागायला बाबा गेले तेव्हा मी सोबत होते. कवडूभाऊ जाळं विणत बसले होते. ते म्हणाले, "पाणी असलं तं तलाव आमचा. पाणी नसलं तं तलाव कोनाचा?" मग त्यांनी एक गाठ आवळली. "कोनाचाच नाई," कवडूभाऊंनीच उत्तर दिलं, "म्हून झेंडा मी दाखवणार." बाबांनी लगेच कबूल केलं. झेंडा म्हणजे कवडूभाऊंच्या बायकोचं लाल लुगडं निघालं. शर्यत झाली की ती ते तिथेच झटकून घेऊन जायची आणि नवऱ्याला म्हणायची, "पुढच्या बारीले धोतर फडकवजो आपलं."

आमचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच होतं. अंगणात मोहाचं झाड, झाडाखाली जीप, जीपखाली बाबांचे पाय. सकाळी जाग यायची ती पान्ह्याच्या ठणठणाटाने किंवा आत्याच्या आवाजाने. चंद्राआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्याचं घर सोडून आली आणि "तिथी मले हसूच येत नव्हतं" एवढंच कारण तिने जन्मभर सांगितलं. उंचीने, रुंदीने, आवाजाने ती आमच्यापैकी कुणाच्याही दुप्पट होती. ती हसली की मोहावरचे पक्षी उडायचे. आई तिच्या अगदी उलट, बारीक, टापटीप, शब्द मोजून वापरणारी. चुलीवर लाखोळीच्या डाळीचे वडे तळताना आईला कुणी बोलावलेलं चालत नसे. अजूनही मला कुठे लाखोळीचा वडा मिळाला की पेट्रोलचा वास येतो. खरंच येतो. माझी नात म्हणते, आजी, हे काही बरं लक्षण नाही. पण आमच्या अंगणात ते दोन वास कधी वेगळे नव्हतेच.

जीप चालवायला मी कधी शिकले ते सांगता येणार नाही. पोहायला शिकतात तसं झालं असावं, कुणी शिकवलं नाही, कुणी अडवलंही नाही. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की पाण्याची पिंपं नदीकडून आणावी लागत. बाबा गाडीखाली किंवा गावाला. मग पाठीमागे उशी घ्यायची, पाय लांब करायचे आणि निघायचं. बारावी झाली तोवर मी पोती भरलेली जीप मागच्या गेअरमध्ये गिरणीच्या दारातून आत घालत होते. लोक म्हणायचे, "मिस्त्रीची सुजाता गाडी चालवून राह्यली." एवढंच. त्यात कौतुक नव्हतं आणि नावं ठेवणंही नव्हतं.

मोटारपटाचे नियम बाबांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून मोहाच्या खोडाला चिकटवले होते. गाडी रोजच्या धंद्यातली पाहिजे, नुसती पळवायला ठेवलेली चालणार नाही. गाडी आपल्या चाकांवर आली पाहिजे, ट्रकवर चढवून नाही. ज्याच्या घरची गाडी, त्याच घरच्या माणसाने चालवायची. आणि शेवटचा नियम, ज्यामुळे सगळी मजा आली: गाडीत चालवणाऱ्याशिवाय चार सवाऱ्या बसलेल्या पाहिजेत आणि पाचव्या फेरीअखेर त्या चारही बसलेल्याच पाहिजेत. "सवारी सांडली तं गाडी बाद," बाबा सांगायचे. "सवाऱ्या पोचवते तिले गाडी म्हनते. नाई तं मंग तोफेचा गोळा बी लवकर पोचते." म्हणून आमच्या शर्यतीत गाड्यांइतकीच सवाऱ्यांची तयारी चालायची. चंद्राआत्याला तर गावोगावची बोलावणी येऊ लागली. तिने शोध लावला होता की वळणावर आतल्या अंगाला झुकलं की जीप चिकटून वळते. सगळ्यांना ती ओरडून सांगायची, "झुका बे!" आणि एका झुकण्यात जीपची दोन चाकं जमिनीवर बसवायची.

पहिल्या उन्हाळ्यात तीन जीपा आणि एका डॉक्टरांची अँबेसेडर आली. मधल्या फेरीत डॉक्टरांना दिसलं की मागे बसलेल्या एका सवारीला चक्कर येतेय. तेव्हा त्यांनी गाडी थांबवली, नाडी पाहिली, गोळी दिली, आणि पुन्हा शर्यतीत शिरले. दुसऱ्या उन्हाळ्यात आणखी चार गावांनी आपापले तलाव दिले आणि दर आठवड्याच्या सुटीच्या दिवशी एकेका गावी मोटारपट फिरू लागला. फेऱ्या मोजायचं काम कवडूभाऊंनी एका म्हाताऱ्याला दिलं होतं. गाडीगणिक एक टोपली, फेरीगणिक टोपलीत एक टेंबराचं फळ. चौथ्या फेरीत म्हाताऱ्याला भूक लागली. शेवटी टोपल्या पाहिल्या तर ऊर्जानगरच्या छोटेलालच्या पाच फेऱ्यांच्या तीनच झाल्या होत्या. छोटेलाल तिकडच्या वीजकेंद्रात क्रेन चालवायचा, दणकट, हसरा गडी. त्याची हिरवी जीप आरशासारखी चमकायची. तो म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला, "बाबाजी, मेरे दो चक्कर आप खा गये." तलावभर हशा पिकला. पुढच्या पटापासून गोटे आले.

तर हे सगळं असं ऐन रंगात आलेलं असताना, तिसऱ्या उन्हाळ्यात, त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीच्या दिवशी मला पाहायला पाहुणे आले.

दोष बाबांचा. गडचिरोलीच्या दवाखान्यात कमलबाई नावाच्या सिस्टर होत्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा प्रमोद नुकताच सरकारी कचेरीत लागलेला. विहारात कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि त्यांचं पत्र आलं, अमुक रविवारी मुलगी पाहायला येतो. बाबांनी जीपखालूनच पत्र वाचलं आणि जीपखालूनच "या" म्हणून कार्ड लिहिलं. त्याच रविवारी आमच्याच तलावात छोटेलालशी शेवटची गाठ होती, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आईला त्यांनी ते शनिवारी संध्याकाळी सांगितलं. आईने हातातला झारा खाली ठेवला. "पोरीचं कल्यान होऊन राह्यलं आन् तुमी चक्कर मारत बसा," एवढंच बोलली, आणि पुन्हा तळायला लागली. मला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही स्वतःला. पुढे शिकावं असं वाटत होतं. काय शिकावं ते ठाऊक नव्हतं. आणि ज्या इच्छेला नाव नाही ती आईपुढे कशी मांडायची?

रविवारी पाहुणे एसटीने उतरले तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. आमच्या दाराला कडी. गोंगाट ऐकत ऐकत ते दोघं पाळीवर चढले आणि समोर पाहतात तो तलावात जत्रा. आईने पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. पण ती आई होती. पाच मिनिटांत पाळीवरच्या पळसाखाली सतरंजी आली, वडे आले, झिंग्याची चटणी आली, मला नवी साडी गुंडाळण्यात आली. कमलबाई पन्नाशीच्या, पांढऱ्या पातळातल्या, चष्म्याआडून माणसाला तपासल्यासारखं बघणाऱ्या. प्रमोदने भर उन्हाळ्यात टाय बांधला होता. मी पाणी दिलं. कमलबाईंनी विचारलं, "शिक्षन किती?" मी सांगितलं. "सैपाक?" आईने माझ्या वतीने सांगितलं. तिसरा प्रश्न यायच्या आत खालून बाबांची किंकाळी आली.

हँडल उलटं बसलं होतं. जुन्या जीपचं इंजिन कधी कधी हँडलला लाथ मारतं. तेव्हा अंगठा चुकीच्या बाजूला असला तर मनगट जातं. हे बाबा आम्हाला शंभरदा बजावायचे, आणि त्या दिवशी, पाहुण्यांकडे बघत हँडल मारताना, त्यांचाच अंगठा चुकला. आम्ही धावलो. माझ्याही आधी कमलबाई पोचल्या. त्यांनी बाबांचा हात दोन बोटांनी चाचपला. "मोडलं. हलवू नका, भाऊ." मग बांबूच्या दोन कामट्या मागितल्या, मान न वळवता हात मागे केला आणि म्हणाल्या, "प्रमोद, टाय." प्रमोदने टाय सोडून दिला. त्या टायने बाबांचं मनगट असं आवळलं गेलं की पुढे गडचिरोलीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, हे कुणी बांधलं?

छोटेलाल जीपवरून उतरून आला. "मिस्त्रीजी, रहने दो. अगले साल करेंगे."

बाबांचा चेहरा वेदनेने पांढरा पडला होता. पण डोळे माझ्याकडे होते. "ज्याच्या घरची गाडी, त्याच घरचा मानूस," ते म्हणाले. "सुजाता, बस."

"आज?" आई म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की मला अजून ऐकू येतो. "पाहुण्यांच्या म्होरं?"

मी आईकडे पाहिलं, आणि आज कबूल करते, मला तिची दया आली नाही. मला एकदम प्रचंड आनंद झाला होता. मी पदर खोचला. आत्याने जाऊन हँडल मारलं, एका झटक्यात, आणि जीप निमूटपणे सुरू झाली. आत्याला जीपही घाबरायची. आता सवाऱ्या मोजल्या. आत्या एक. बाबा मोडक्या हातानिशी दोन, ते उतरायला तयारच नव्हते. त्यांचा हात धरायला कुणीतरी हवं म्हणून आई तीन, ओठ घट्ट मिटून. चौथी आमची नेहमीची शेजारीण हँडलची घटना पाहून रडत घरी पळाली होती.

"प्रमोद, बस," कमलबाई म्हणाल्या.

"कपडे खराब होतील," प्रमोद म्हणाला.

"मंग माहा चष्मा धर." आणि कमलबाई पदर कमरेला बांधून मागच्या बाकावर आत्याशेजारी येऊन बसल्या. "काय करा लागते?"

"मी म्हनलं का झुका, तं झुकाचं," आत्या म्हणाली.

लाल लुगडं खाली पडलं. नंतरच्या पाच फेऱ्या मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. दातांत धूळ. छोटेलालच्या जीपचं हिरवं बूड, नेहमी तितक्याच अंतरावर. डबक्यातून माना वर करून बघणाऱ्या म्हशी. पाळीवरचा कल्लोळ जवळ यायचा, अंगावर आदळायचा, मागे पडायचा. बाबा कानाशी, "दुसरा टाक... सोड... आता रेस दे, दे, दे!" आत्याची आरोळी, "झुका!" आणि तिसऱ्या फेरीपासून तिच्या आवाजात मिसळलेला आणखी एक करारी आवाज, "झुका, झुका, भाऊ तुमी नाई, तुमी हात सांभाळा!" एका वळणावर मी आरशात पाहिलं. आत्या आणि कमलबाई एकमेकींच्या गळ्यात हात टाकून जीपबाहेर निम्म्या लोंबत होत्या आणि दोघी हसत होत्या. शेवटच्या फेरीत डबक्याजवळच्या वळणावर छोटेलालने जास्तच रेस दिली. त्याची जीप सरकली आणि मागची एक सवारी सुटून सुरेख वळसा घेत म्हशींमध्ये जाऊन पडली. म्हैस उठली देखील नाही. छोटेलालने कचकन ब्रेक मारला, कारण तो सज्जन होता. आणि मी त्याच्या शेजारून पुढे निघून गेले.

लाल लुगडं पुन्हा पडलं. मी जिंकले होते. मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय तळापर्यंत गेला.

पुन्हा दिला. पुन्हा तळापर्यंत. समोर माणसंच माणसं, जिंकलो म्हणून नाचत तलावात उतरलेली, उजवीकडे, डावीकडे, सगळीकडे. मोकळी होती ती एकच जागा, पाळीवर चढणारी बैलगाड्यांची वाट. मी जीप तिथे घातली. चढावर ती मंदावेल असं वाटलं होतं. मंदावलीही. पण पाळीच्या माथ्यावर पोचायला पुरेसा जोर उरलाच, आणि माथ्यावरून पलीकडे उतार. त्या उतारावर धक्क्याने गेअर सुटला आणि पुन्हा पडेना. पलीकडून कालव्याकडे जाणारा रस्ता सरळ, मोकळा आणि सगळाच उताराचा. आम्ही सुटलो.

"बाबा, ब्रेक नाई!"

"समजलं," बाबा शांतपणे म्हणाले. "गाडी सरळ ठेव. बाकी काई करू नोको. रस्ता संपते तिथी पाहू."

आत्या हसायला लागली. तिला भीती वाटली की ती हसते, हे मला माहीत होतं, पण कमलबाईंना माहीत नव्हतं, त्याही हसायला लागल्या. वारा कानात घोंगावत होता. आणि त्या वाऱ्यात कमलबाई पुढे वाकून माझ्या कानात ओरडल्या, "काय वं पोरी, तुले लग्न कराचं हाये का?"

मी जन्मभर विचार करते, दुसऱ्या कुठल्याही जागी, दुसऱ्या कुठल्याही वेळी मी काय उत्तर दिलं असतं? मान खाली घालून गप्प बसले असते. पण दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर, शेजारी आई आहे याचंही भान नाही. मी सगळ्या जोराने ओरडले, "नाई!"

"मंग काय कराचं हाये?"

"माहीत नाई! शिकाचं हाये!"

"रस्त्याकडं पाह्य!" आई ओरडली. आईला ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

कालव्याच्या अलीकडे एका खळ्यावर तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, भलामोठा ढीग होता. मी जीप त्याच्याकडे वळवली, आत्याने शेवटचं "झुका!" म्हटलं, आणि आम्ही सगळे अलगद, उशीत डोकं घालावं तसे तणसात घुसलो. कुठेतरी तणसातून आत्याचा आवाज आला, "सवाऱ्या मोजा बे!" मोजल्या. चारही होत्या. आईच्या केसांत, बाबांच्या मिशीत, सगळीकडे तणस. कमलबाईंनी आपला पदर झटकला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेसुलटे करून बघितले. "थरथरत नाईत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. "भाऊ, ही पोरगी मले सून म्हून नोको."

बाबांनी मान खाली घातली.

"मले वार्डात पाह्यजे. नर्सिंगच्या शाळेचे फारम सुटून राह्यले. उद्या हात दाखवाले याल तवा हिले संग आना."

आम्ही पायी परतलो तेव्हा तलावात वाद पेटला होता. कुणी म्हणत होतं, थांबलीच नाही ती गाडी जिंकली कशी? कवडूभाऊंनी लुगडं खांद्यावर टाकून निकाल दिला, "नियमात पोचनं हाये, थांबनं नाई." चिखलाने माखलेल्या सवारीला घेऊन छोटेलाल आला आणि बक्षिसाचा पितळी गुंड, पाणी भरायचा हंडा, त्यानेच माझ्या डोक्यावर ठेवला. प्रमोद पळसाखाली बसून वडे खात होता, कदाचित दुसरी बशी. त्याने आईचा चष्मा आईला दिला आणि माझ्याशी आयुष्यात जे एकच वाक्य बोलला ते बोलला, "टाय परत मिळेल ना?"

गावाला ही सगळी गंमत वाटली, आईला नाही. नकार आला तोही भर रस्त्यात, आणि तोही पोरीच्याच तोंडून. शिवाय नर्सिंग म्हणजे रात्रपाळ्या, परक्या माणसांचे घाण कपडे, लोकांच्या नजरा. तिने भांडण केलं नाही. तिने बोलणं बंद केलं. मी फॉर्म भरला, ती बोलली नाही. माझं नाव लागलं, ती बोलली नाही. आत्याने एकदा तिला सुनावलं, "माह्या वक्ताले कोनी इचारलं असतं तं मी बी ओरडली असती, नाई म्हून." आई उठून आत गेली. मला आज वाटतं, ती माझ्यावर रागावलेली नव्हतीच. वाऱ्यात ओरडून मिळतं ते साधं बोलून का मिळालं नाही, आणि आपण ते कधीच का विचारलं नाही, हे तिला टोचत असावं. पण हे मला आता कळतं, आईच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेल्यावर.

मोटारपट आणखी दोन उन्हाळे चालला. मग तलावाचं खोलीकरण झालं, पाणी बारा महिने राहू लागलं आणि कवडूभाऊंच्या जाळ्यात मोठमोठे मासे येऊ लागले. कुणाला वाईट वाटलं नाही. बाबासुद्धा मरळीचा रस्सा ओरपताना म्हणायचे, "चाल, तलाव कामी आला."

शर्यत जिंकली त्याच वर्षी मी नर्सिंग शिकायला गेले, त्या दिवशी वैनगंगेच्या पुलावरून एसटी चालली होती, मांडीवर पत्र्याची ट्रंक, शेजारी आई, तिच्या मांडीवर डबा. सावलीपासून गडचिरोलीपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. दवाखान्याच्या आवारात शिरलो तर आमच्यापुढेच एक बैलगाडी आत आली होती. गाडीत गोधडीवर अडलेली बाई, सोबत एक घाबरलेली म्हातारी. पायऱ्यांवरून कमलबाई धावत आल्या, सोबत एकच वॉर्डबॉय. त्यांनी मला पाहिलं, ओळख दाखवायला वेळ नव्हता. "पायाकडचं टोक धर," त्या म्हणाल्या. मी ट्रंक टाकली आणि स्ट्रेचर धरलं. दारापर्यंत गेले, मग दाराच्या आत, मग गरम पाण्याची भांडी आणत, देत, पुन्हा आणत राहिले. बाई माझ्या मनगटाला धरून ओरडत होती आणि मी तिला काहीतरी सांगत होते. काय सांगत होते ते आठवत नाही. बहुतेक, सरळ राहा, बाकी काही करू नको.

बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. आई आवारातल्या कडुनिंबाखाली माझ्या ट्रंकेवर बसलेली होती, शेजारी ती म्हातारी. आई कधीपासून तिचा हात धरून बसली होती कोण जाणे. माझ्या नव्या पोलक्यावर रक्ताचे डाग होते. आईने ते पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं?" तिने विचारलं. किती आठवड्यांनी ती माझ्याशी बोलत होती.

"पोरगी."

"दोघी बऱ्या?"

"बऱ्या हायेत."

म्हातारी रडत उठली आणि आत धावली. आईने मला नळावर नेलं, माझे हात कोपरापर्यंत स्वतः घासून धुतले, आपल्या पदराला पुसले. मग ट्रंकेवर डबा उघडला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी एवढी थोरली घोडी असताना, माझ्या तोंडात पहिला घास घातला.

"लवकर लवकर खाय," ती म्हणाली. "पुन्हा बोलावतीन तुले."